उरलेल्या गोळ्यांचा हिशेब

एस. टी. स्टँडवर उतरल्यावर वहिनींनी पिशवीतून औषधाची बाटली काढली. आडोशाला उभं राहून झाकण उघडलं, तळहातावर गोळ्या ओतल्या आणि मोजल्या. पाच. त्यांतल्या तीन कागदाच्या पुडीत गुंडाळून गटारात टाकल्या, दोन परत बाटलीत घातल्या. मग आम्ही जिल्ह्याच्या गावातल्या एआरटी केंद्राकडे चालू लागलो.

केंद्रात समुपदेशक मॅडमनी बाटली मागून घेतली. २८ दिवसांपूर्वी ३० गोळ्या दिलेल्या, रोज एक, म्हणजे दोन उरायला हव्यात. दोनच उरल्या होत्या. पुस्तिकेत १०० टक्के अशी नोंद झाली. ‘छान, अशाच नियमित घेत राहा,’ असं मॅडम मनापासून म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली. बाहेर रांग मोठी होती.

परतीच्या गाडीत मी विचारलं, तीन गोळ्या का राहिल्या? चुलत दिराच्या मुलीचं लग्न होतं. तीन दिवस घर पाहुण्यांनी भरलेलं, बाटली ट्रंकेच्या तळाशी, आणि ट्रंकेवर पाहुण्यांच्या पिशव्या. ‘मला खोटं बोलायची हौस नाही ताई,’ वहिनी म्हणाल्या, ‘पण पाच गोळ्या दाखवल्या असत्या तर पंधरा दिवसांत परत बोलावलं असतं. एका खेपेला एक रोज बुडतो. आणि सासूबाईंना काय सांगू, सारखी कुठं जाते म्हणून?’

ही गोष्ट त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, गोळ्यांचा आकडा बदललेला नाही. माझा सगळा लेख त्या आकड्याविषयी आहे.

मी डॉक्टर नाही. एका पतसंस्थेत २२ वर्षं कीर्द-खतावणी लिहिली. एचआयव्हीशी संबंध आला तो ओळखीच्या दोन-तीन बायकांना सोबत म्हणून केंद्रात जाता-येता. तिथल्या बाकावर बसून प्रश्न पडत गेले आणि उत्तरं शोधताना वैद्यकीय नियतकालिकांतले निबंध शब्दकोश घेऊन वाचायची सवय लागली. त्यामुळे इथं जे मांडणार आहे त्याला पदवीचा आधार नाही. पण हिशेब लिहिणाऱ्याला एक गोष्ट पक्की माहीत असते: शिल्लक जुळली म्हणजे व्यवहार खरा होता असं नव्हे. उलट ज्या वहीत कधीच एक पैशाचाही फरक येत नाही, ती वही तपासनीस आधी बाजूला काढतो.

रुग्ण औषध किती नियमितपणे घेतो हे मोजण्याचे जे मार्ग गेल्या पाव शतकात एचआयव्हीच्या उपचारात वापरले गेले, ते नेमकं काय मोजतात, हे मला तपासायचं आहे.

सूत्र आणि त्याचा काच

भारतात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला आठ सरकारी रुग्णालयांत सुरू झाली. तेव्हापासून राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नॅकोच्या, मार्गदर्शिकांत सातत्य मोजण्याचं एक साधं सूत्र आहे. दिलेल्या गोळ्यांतून उरलेल्या वजा करायच्या, त्याला घ्यायला हव्या होत्या त्या गोळ्यांनी भागायचं, शंभरनं गुणायचं. ९५ टक्के किंवा वर असेल तर उत्तम, ८० ते ९५ मध्ये असेल तर काळजीचं, ८० च्या खाली गंभीर.

कागदावर हे निर्दोष दिसतं. पण रोज एकच गोळी असलेल्या माणसाला ते लावून पाहा. २८ पैकी एक चुकली तर ९६.४ टक्के. दोन चुकल्या तर ९२.९. म्हणजे महिन्यात एक चूक माफ, दुसरी झाली की माणूस खालच्या वर्गात. आता हेच सूत्र पूर्वीच्या औषधांना लावा. इंडिनाविर हे औषध दर आठ तासांनी, म्हणजे दिवसातून तीनदा, उपाशीपोटी घ्यावं लागे. महिन्याला ९० वेळा. त्यातल्या चार चुकल्या तरी माणूस ९५ च्या वर राहतो. आकडा एकच, पण एकाला एका चुकीची सवलत आणि दुसऱ्याला चारांची. शिवाय टक्केवारीला चुकांचा क्रम कळत नाही. महिन्यात विखुरलेल्या तीन चुका आणि सलग तीन दिवसांचा खंड यांत शरीराच्या दृष्टीनं फरक आहे. रक्तातलं औषध सलग उतरत गेलं की विषाणूला वाढायला आणि उरल्यासुरल्या औषधाला दाद न देणारी रूपं तयार करायला वेळ मिळतो. वहिनींचा खंड सलग होता. सूत्रात तो ८९ टक्के झाला असता आणि विखुरलेल्या तीन चुकाही ८९ च झाल्या असत्या.

नियमितपणा बिनमहत्त्वाचा आहे असा याचा अर्थ कोणी काढू नये. एचआयव्हीचा विषाणू स्वतःच्या नकला करताना सतत चुका करतो आणि औषध कमी पडलं की त्या चुकांतूनच औषधाला पुरून उरणारा वंश निवडला जातो. गोळ्या रोज घ्यायलाच हव्यात, यात वाद नाही. त्या घेतल्या की नाहीत हे आपल्याला कळतं, या आपल्या खात्रीबद्दल मात्र आहे.

९५ आलं कुठून?

हा आकडा मला केंद्रातल्या भिंतीवर, पुस्तिकेत, प्रशिक्षणाच्या तक्त्यात इतक्या वेळा दिसला की तो निसर्गनियम असावा असं वाटायचं. त्याचा माग काढत मी २००० साली ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ मध्ये आलेल्या डेव्हिड पॅटरसन आणि सहकाऱ्यांच्या निबंधापाशी पोहोचले.

निबंध मोलाचा आहे, आणि तो प्रामाणिकपणे लिहिलेला आहे हेही सांगायला हवं. अमेरिकेतल्या शंभराहून कमी रुग्णांचा तो अभ्यास. त्यांच्या प्रोटीएज इनहिबिटर गटातल्या औषधाच्या बाटलीला एक इलेक्ट्रॉनिक झाकण बसवलं होतं. झाकण उघडलं की तारीख आणि वेळ आत नोंदली जायची. निष्कर्ष असा: ९५ टक्के किंवा अधिक सातत्य असलेल्यांपैकी २२ टक्क्यांत विषाणू आटोक्यात आला नाही. ८० ते ९५ च्या मधल्यांत ते प्रमाण ६१ टक्के, आणि ८० च्या खालच्यांत ८० टक्के.

यात तीन गोष्टी पुढच्या प्रवासात गळून पडल्या. पहिली, ९५ च्या वर असूनही पाचातल्या एकाहून अधिकांचा उपचार फसला होता. म्हणजे ९५ ही सुरक्षित भिंत नव्हती. संशोधकांनी आकडे मांडण्यासाठी घातलेली ती एक पायरी होती. दुसरी, हे सगळं त्या काळच्या त्या औषधांबद्दल होतं. २००६ मध्ये डेव्हिड बँग्सबर्ग यांनी दाखवलं की नेव्हिरॅपिन-इफॅविरेन्झच्या गटातल्या औषधांवर असलेल्या अनेकांचा विषाणू ९५ पेक्षा कमी सातत्यातही दबलेला राहतो. आज आपल्याकडे डोल्यूटेग्रॅविर असलेली एक गोळी दिली जाते. तिच्याविरुद्ध प्रतिकार निर्माण होणं विषाणूला आणखी अवघड जातं. औषधं दोनदा बदलली, रेषा मात्र जागची हलली नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पॅटरसन यांनी झाकणानं मोजलं, आपण उरलेल्या गोळ्यांनी मोजतो. पट्टी एकाची आणि माप दुसऱ्याच पट्टीवर वाचायचं, असा हा प्रकार आहे. झाकणही निर्दोष नसतं. बाटली उघडून गोळी न घेता येते, आणि आठवड्याच्या गोळ्या एकदम काढून डबीत ठेवणारा शिस्तीचा माणूस झाकणाच्या लेखी बेशिस्त ठरतो. पण निदान तीन गोळ्या गटारात टाकून झाकणाला एका क्षणात फसवता येत नाही. बाटलीतल्या शिलकीला येतं.

त्याच निबंधात आणखी एक मोजणी होती. कोणता रुग्ण औषध नीट घेतो, याचा अंदाज डॉक्टरांना आणि परिचारिकांना करायला सांगितला होता. डॉक्टरांचा ४१ टक्के रुग्णांबाबत चुकला, परिचारिकांचा ३० टक्क्यांबाबत. ९५ चा आकडा जगभर गेला. हे दोन आकडे मला एकाही केंद्राच्या भिंतीवर दिसले नाहीत.

लघवीतला पुरावा

रुग्णावर अविश्वास एचआयव्हीपेक्षा फार जुना आहे. हिपॉक्रेटीसच्या नावावर असलेल्या लेखनातही, रुग्ण औषध घेतल्याचं खोटं सांगतात म्हणून वैद्यानं सावध राहावं, असा सल्ला आहे. पण मोजणीचं आधुनिक शास्त्र ज्या ठिकाणी घडलं त्यांतलं एक आपल्याच देशात आहे, आणि ते क्षयरोगाच्या निमित्तानं घडलं.

१९५६ मध्ये मद्रासला क्षयरोग रसायनोपचार केंद्र सुरू झालं. वॉलेस फॉक्स हे ब्रिटिश डॉक्टर त्याच्या कामात आघाडीवर होते. प्रश्न असा होता, की गरीब, दाटीवाटीच्या घरात राहणारा रुग्ण घरीच गोळ्या घेऊन बरा होईल, की त्याला सॅनेटोरियममध्येच ठेवायला हवं? १९५९ च्या अहवालानं दाखवलं की घरी राहणारेही जवळपास तितकेच बरे होतात. जगभरातली सॅनेटोरियमं ओस पडण्यात या अभ्यासाचा वाटा आहे.

पण घरच्या रुग्णावर विसंबायचं कसं? म्हणून केंद्राची माणसं न सांगता घरी जात, गोळ्या मोजत, लघवीचा नमुना घेऊन त्यात औषधाचा अंश आहे का ते तपासत. काही जण औषध घेतच नाहीत हे त्यातूनच कळलं. त्यातून पुढं, कोणाच्या तरी डोळ्यांसमोरच गोळी गिळायची, ही पद्धत वाढली. डॉट्स म्हणून ती आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

म्हणजे घरी उपचार शक्य आहे हा रुग्णावरचा विश्वास आणि त्याच्या लघवीची अचानक तपासणी हा अविश्वास, दोन्ही एकाच इमारतीत जन्मले. साठ वर्षांनीही आपण त्याच इमारतीत आहोत. गेल्या दशकात ‘९९डॉट्स’ नावाची एक युक्ती आली. गोळीच्या पाकिटात लपलेला फोन नंबर गोळी काढल्यावर दिसतो, त्यावर रुग्णानं मिस्ड कॉल द्यायचा. कल्पक आणि स्वस्त. एचआयव्ही आणि क्षय दोन्ही असलेल्या रुग्णांत ती कितपत अचूक आहे हे चेन्नई, वेल्लोर आणि मुंबईत तपासलं गेलं. कशानं? न सांगता घरी जाऊन घेतलेल्या लघवीच्या नमुन्यानं. आणि २०२० मध्ये छापून आलेला निष्कर्ष असा, की कॉलची नोंद आणि लघवीतलं औषध यांचा मेळ पुरेसा बसत नाही. गोळी घेतलेली पण कॉल नाही, आणि कॉल आहे पण गोळी नाही, असे दोन्ही प्रकार.

पाच हजार बायकांनी काय सांगितलं

या विषयातला सगळ्यांत बोलका पुरावा उपचाराच्या नव्हे, प्रतिबंधाच्या चाचणीतून आला आहे. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिंबाब्वे इथल्या ५,०२९ स्त्रियांवर ‘व्हॉइस’ नावाची चाचणी झाली. या स्त्रियांना एचआयव्ही नव्हता. तो होऊ नये म्हणून रोज टेनोफोविरची गोळी किंवा जेल वापरायचं होतं. जीन मराझो आणि सहकाऱ्यांचा अहवाल २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ मध्ये आला.

स्त्रियांच्या सांगण्यानुसार सातत्य सुमारे ९० टक्के होतं. परत आलेल्या गोळ्या आणि जेलच्या नळ्या मोजल्या तेव्हा सुमारे ८६ टक्के. दोन स्वतंत्र मोजण्या एकमेकींशी जुळत होत्या. पतसंस्थेच्या भाषेत, कीर्द आणि खतावणी जुळली होती. मग साठवून ठेवलेलं रक्त तपासलं. औषध सापडलं ते फक्त २५ ते ३० टक्के नमुन्यांत. चाचणीत औषधाचा उपयोग दिसला नाही, कारण बहुतेकींनी ते घेतलंच नव्हतं.

हे वाचून अनेकांनी, बायका खोटं बोलल्या, एवढाच अर्थ काढला. मला तो अपुरा वाटतो. नंतर याच चाचणीतल्या काही स्त्रियांना त्यांच्या रक्तातल्या औषधाचे आकडे दाखवून, दोष न देता, पुन्हा बोलतं केलं गेलं. तेव्हा कारणं बाहेर आली. दुष्परिणामांची धास्ती होती. घरात या गोळ्या दिसल्या तर हिलाच एचआयव्ही आहे असं लोक समजतील ही भीती होती. आणि खरं सांगितलं तर चाचणीतून काढतील, मग तिथं मिळणारी नियमित तपासणी आणि आरोग्यसेवाही जाईल, हा हिशेब होता.

इथं मला वहिनी आठवतात. तीन गोळ्या टाकताना त्यांनी जो हिशेब केला तोच या स्त्रियांनी केला होता. खरं सांगण्याची किंमत किती, आणि ती कोण भरणार? दोन्हीकडे किंमत सांगणाऱ्यालाच भरावी लागणार होती. उरलेल्या गोळ्यांची मोजणी म्हणूनच औषधाइतकीच भीतीही मोजते. १०० टक्के या नोंदीचा अर्थ ‘औषध पूर्ण घेतलं’ असा असू शकतो आणि ‘इथं खरं बोलणं परवडत नाही’ असाही. वहीवरून त्यातला कोणता, हे ओळखता येत नाही.

मोजपट्टी जेव्हा परीक्षेची पट्टी होते तेव्हा ती बिघडते, हे अर्थशास्त्रात चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावानं ओळखलं जातं. आपल्याकडे ते कोणत्याही शाळेच्या हजेरीपटावर दिसतं.

कोणाच्या हातात घड्याळ नाही?

मोजणीचा हा प्रश्न केवळ तांत्रिक राहिलेला नाही. त्यावर माणसं जगवायची की नाही, हे ठरत होतं.

२००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्लानं तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. तोवर त्याची किंमत श्रीमंत देशांत दहा हजार डॉलरच्या घरात होती. किमतीची सबब संपली. त्याच वर्षी अमेरिकेच्या परदेशी मदत संस्थेचे प्रमुख अँड्र्यू नॅट्सिओस यांनी दुसरी पुढं केली: आफ्रिकेतल्या अनेकांना घड्याळाची वेळ ठाऊक नाही, ते ही औषधं वेळेवर घेणार नाहीत, आणि नाही घेतली तर प्रतिकारक्षम विषाणू पसरेल. म्हणजे सातत्याच्या शंकेवरून औषधच नाकारायचं.

२००६ मध्ये एडवर्ड मिल्स आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यासांची बेरीज करून ‘जामा’ मध्ये उत्तर दिलं. पुरेसं सातत्य असलेल्यांचं प्रमाण उत्तर अमेरिकेत ५५ टक्के आणि सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत ७७ टक्के. हे वाचून मला आनंद झाला होता, आणि वर्षानुवर्षं मी तो आकडा वादात वापरलाही.

पण इतरांच्या वहीला जी कसोटी लावली ती आपल्या आवडत्या वहीलाही लावायला हवी. त्या बेरजेतले बहुसंख्य अभ्यास रुग्णांच्या तोंडी सांगण्यावर उभे होते. तोंडी सांगणं किती फसवं असतं हे ‘व्हॉइस’नं पुढं दाखवलं. म्हणून ७७ हा आकडा ५५ पेक्षा मोठा आहे यावर मी आता पूर्ण भार टाकत नाही. नॅट्सिओस यांना खरं उत्तर आकड्यांनी दिलंच नाही. औषध मिळाल्यावर आफ्रिकेत आणि भारतात लाखो माणसं जगली, हेच ते उत्तर. त्यांच्यापैकी कितीतरी जण घड्याळावर नव्हे, संध्याकाळच्या बातम्यांवर किंवा शेवटच्या एस. टी. च्या हॉर्नवर गोळी घेत आले आहेत.

वहीत न येणारा कसूरदार

सूत्राकडे पुन्हा एकदा पाहू. त्यात एकच माणूस आहे, रुग्ण. गोळी चुकली की त्यानं चुकवली, हे सूत्राच्या रचनेतच आहे.

२०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दिल्लीत नॅकोच्या कार्यालयाबाहेर एचआयव्हीसह जगणारी माणसं महिन्याहून अधिक काळ धरणं देऊन बसली होती. त्यांची तक्रार होती औषधांच्या तुटवड्याची. महिन्याच्या ऐवजी थोड्या दिवसांच्या गोळ्या हातात पडतात, असं ती सांगत होती. ज्याला पाच दिवसांच्याच गोळ्या मिळाल्या आणि ज्यानं त्या पाचही घेतल्या, त्याची शिल्लक शून्य. बाटलीच्या बाजूनं पाहिलं तर तो आदर्श रुग्ण. सहाव्या दिवशी भाड्याला पैसे नाहीत म्हणून तो आला नाही, तर मात्र तो कसूरदार. पुरवठ्याचं सातत्य किती टक्के होतं, असा रकाना रुग्णाच्या पुस्तिकेत नसतो.

उलट उदाहरणही आहे. २०२० च्या टाळेबंदीत अनेक केंद्रांनी एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या दिल्या, काहींनी घरपोच पोहोचवल्या. तोवर महिन्याला एक फेरी हा नियमितपणाचा पुरावा मानला जाई. फेरी कमी केली आणि आकाश कोसळलं नाही.

रक्त, केस आणि ‘कसं काय?’

आता कोणी म्हणेल, गोळ्या मोजायच्या कशाला? रक्तातला विषाणू मोजा. ते योग्यच आहे. २०१८ पासून आपल्या कार्यक्रमात व्हायरल लोडची नियमित तपासणी आली आणि ती मोठी प्रगती होती. विषाणू दबलेला असेल तर रुग्ण निरोगी राहतो आणि त्याच्याकडून जोडीदाराला संसर्ग होत नाही. हे ज्या आंतरराष्ट्रीय चाचणीनं २०११ मध्ये दाखवलं त्यात पुणे आणि चेन्नईची जोडपीही होती.

पण व्हायरल लोड परिणाम सांगतो, कारण सांगत नाही. तो वाढलेला असेल तर गोळ्या चुकल्या की आधीपासूनच प्रतिकारक्षम विषाणू होता, हे त्यातून कळत नाही. शिवाय स्थिर रुग्णाची ती तपासणी वर्षातून एकदा. मधल्या अकरा महिन्यांत लग्नं, बाळंतपणं, ऊसतोडीचे हंगाम, स्थलांतरं होऊन जातात.

औषध थेट मोजायच्या पद्धतीही आहेत. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून त्याच्या तुकड्यात गेल्या काही आठवड्यांचं औषध वाचता येतं. वाळलेल्या रक्ताच्या थेंबातूनही टेनोफोविरचा बराच मागचा माग लागतो, आणि लघवीची झटपट पट्टी अलीकडच्या दिवसांचा. अचूकपणात या पद्धती गोळ्यांच्या मोजणीच्या कितीतरी पुढं आहेत. तरी मला त्यांच्याबद्दल धाकधूक वाटते. माणसाला न विचारता त्याच्या केसाला विचारायचं, हा मद्रासच्या अचानक भेटीचाच पुढचा अवतार होऊ शकतो. होईलच असं नाही. ‘व्हॉइस’नंतर आकडे समोर ठेवले तेव्हा स्त्रिया गप्प झाल्या नाहीत, बोलत्या झाल्या, कारण त्या आकड्यावरून आता काही हिसकावून घेतलं जाणार नव्हतं.

दोन प्रयोग शेजारी ठेवून पाहावेत. केनियात रिचर्ड लेस्टर आणि सहकाऱ्यांनी ५३८ रुग्णांपैकी निम्म्यांना आठवड्याला एक मोबाइल संदेश पाठवला. त्यात औषधाचा उल्लेखही नव्हता. स्वाहिलीत फक्त ‘मांबो?’, म्हणजे ‘कसं काय?’. रुग्णानं ठीक आहे किंवा अडचण आहे एवढं कळवायचं. अडचण असेल किंवा दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर परिचारिका फोन करायची. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ मध्ये निष्कर्ष आला: संदेश मिळणाऱ्यांचं सातत्य वाढलं आणि विषाणूही अधिक जणांत दबला. दक्षिण भारतात अनिता शेट आणि सहकाऱ्यांनी ६३१ रुग्णांवर असाच प्रयोग केला. आठवड्याला स्वयंचलित आवाजाचा फोन आणि एक चित्रसंदेश. २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ मध्ये निष्कर्ष आला: उपचार फसण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही.

देश वेगळे, रुग्ण वेगळे, मोजण्याच्या रीती वेगळ्या. त्यामुळे या दोन्हींची सरळ तुलना करणं धाडसाचं ठरेल. तरी एक फरक डोळ्यांत भरतो. एकीकडे प्रश्नाच्या मागं माणूस होता, दुसरीकडे यंत्र.

शब्द आणि रकाना

वैद्यकात या गुणाला आधी ‘कम्प्लायन्स’ म्हणत, म्हणजे आज्ञापालन. त्यात हुकूमशाही वाटते म्हणून ‘अ‍ॅडहिअरन्स’ आला, म्हणजे चिकटून राहणं. १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये ‘कॉन्कॉर्डन्स’ सुचवला गेला, म्हणजे दोघांचं एकमत. शब्द दोनदा बदलले. आपल्या केंद्रांत या सगळ्यांचं मराठी एकच आहे: ‘गोळ्या रेग्युलर आहेत ना?’ या वाक्यातला ‘ना’ उत्तर ठरवूनच येतो. त्याला ‘हो’ सोडून दुसरं काही म्हणायला धाडस लागतं.

समुपदेशकांना मी दोष देत नाही. दिवसाला ज्यांच्यासमोर शंभरेक माणसं रांगेत असतात, त्यांना रकाना भरायचा असतो. मी हिशेबनीस होते, रकान्याची सक्ती काय असते ते मला कळतं. माझी मागणी लहान आहे. टक्क्याच्या शेजारी कारणाचा एक रकाना असावा, आणि त्यात लग्न, पाळी, दारू, भाडं, भांडण, तुटवडा, जे असेल ते लिहिता यावं. चुकलेल्या गोळीसाठी जादा फेरीची शिक्षा नसावी. फोनवर बोलून भागत असेल तर फोन करावा. आणि केंद्राचं काम तपासताना किती रुग्ण ९५ च्या वर, हे विचारण्याआधी, किती रुग्णांनी गोळी चुकल्याचं आपणहून सांगितलं, हे विचारावं. ज्या केंद्रात हा आकडा शून्य आहे, तिथली वही मी आधी बाजूला काढीन.

वहिनींच्या केंद्रात पुढं समुपदेशक बदलल्या. नव्या बाईंनी बाटली हातात घेण्याआधी विचारलं, ‘मागच्या महिन्यात लग्नाच्या तिथी फार होत्या. गोळ्या काढायला जमलं का सगळे दिवस?’ वहिनी क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘नाही जमलं, तीन राहिल्या.’ पुस्तिकेत ८९ लिहिलं गेलं. बाईंनी कपाटातून झाकण घट्ट बसणारी एक लहान डबी काढून दिली. घरात पाहुणे असतील तेव्हा चार दिवसांच्या गोळ्या त्यात घालून ती कमरेच्या पिशवीत ठेवायची.

त्या ८९ मधून एक डबी निघाली. आधीच्या १०० मधून काहीच निघालं नव्हतं.